बाबांच्या गुडघ्यांना विचारून गाडी घ्या

प्रश्न : माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत. सोळा वर्षं वापरलेली त्यांची गाडी आता दुरुस्तीच्या पलीकडे गेली आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालंय, डॉक्टरांनी डोळे तपासून गाडी चालवायला हरकत नाही असं सांगितलंय. पण दोन्ही गुडघे दुखतात आणि मान पूर्ण वळत नाही. आई ७० वर्षांची, वॉकर घेऊन चालते. ती गाडी चालवत नाही. आठवड्यातून चार-पाच वेळा दवाखाना, बाजार, नातेवाईक, एवढंच फिरणं. एका वेळी चार-पाच किलोमीटर. आयुष्यभर बाबांनी क्लच-गिअरचीच गाडी चालवली आहे. भाऊ म्हणतो, डिझेलची वॅगन, म्हणजे मागे लांब डिकी असलेली गाडी, घ्या, दणकट असते आणि वॉकरही मावेल. मला वाटतं छोटी ऑटोमॅटिक हॅचबॅक बरी. ११ वर्षांची, फक्त २८ हजार किलोमीटर चाललेली एक पेट्रोल हॅचबॅक मला सापडली आहे, त्यांच्या वाढदिवसाला अचानक दारात उभी करावी असं मनात आहे. पैसे बेताचेच आहेत. घेऊ का?

उत्तर : आधी ते वाढदिवसाचं. कृपा करून अचानक काही देऊ नका. बाबांना बरोबर घेऊन जा, आईलाही, आणि वॉकरसुद्धा न्या. हे मी इतक्या आग्रहाने सांगते, कारण नेमकी हीच चूक माझ्याकडून झाली आहे.

माझ्या आईसाठी मी जुनी हॅचबॅक घेतली तेव्हा इंजिन पाहिलं, कागदपत्रं पाहिली, दोन मेकॅनिकना दाखवली. गाडी खरोखरच चांगली निघाली. आठ महिन्यांनी सुट्टीत घरी गेले तर पिशव्या मागच्या सीटवर, पायाशी, पुढच्या सीटवर, सगळीकडे. डिकी मात्र रिकामी. विचारलं तर आधी काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "अगं, ते दार वर गेलं की माझा हात पोहोचत नाही." आठ महिने ती डिकी उघडत नव्हती, आणि उघडावीच लागली तर काठीची मूठ अडकवून दार खाली ओढत होती. मी इतक्या प्रेमाने गाडी घेतली म्हणून तिने तक्रार केली नाही. तुमचे बाबाही करणार नाहीत. म्हणून जे काही खुपणार आहे, ते घेण्याआधी कळायला हवं.

तेव्हा पहिलं काम घरात. बाबा ज्या खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठतात, ती शोधा आणि टेपने तिची उंची मोजा. बसल्यावर खुर्ची दबते, म्हणून ते बसलेले असताना मोजा. तो आकडा लिहून घ्या. गाडी बघायला जाल तेव्हा बाबांना चालकाच्या सीटवर बसवून जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंत मोजा. दोन्ही आकडे जवळपास जुळले पाहिजेत. सीट खुर्चीपेक्षा बरीच खाली असेल तर बाबांना प्रत्येक वेळी खड्ड्यातून वर यावं लागेल. बरीच वर असेल तर चढावं लागेल, तेही गुडघ्यांना सोसत नाही. वॅगनच्या बाबतीत इथेच गफलत होते. वॅगन मोठी म्हणून सीटही उंच असेल असं वाटतं, पण बहुतेक वॅगन सेडानवर बेतलेल्या असतात आणि त्यांच्या पुढच्या सीट सेडानसारख्याच खाली असतात. उंच बांध्याची छोटी हॅचबॅक गुडघ्यांना पुष्कळदा जास्त मानवते.

बसणं आणि उठणं पाच-सहा वेळा करायला लावा. एकदा केलं की माणूस हसून "छान आहे" म्हणतो, चौथ्या वेळेला चेहरा खरं सांगतो. दाराखालचा उंबरठा किती रुंद आहे, पाय त्यावरून उचलून आत घेताना बूट अडकतो का, डोकं चौकटीला लागतं का, उठताना हात कुठे टेकवतात, हे नीट बघा. 'स्पोर्ट' म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकारात सीटच्या दोन्ही कडा वर आलेल्या असतात आणि त्या कडेवरून सरकणं म्हाताऱ्या कमरेला फार अवघड जातं. तीच गाडी साध्या प्रकारात घ्या. चाकंही लहान येतात, टायर जाड असल्यामुळे खड्डे कमी लागतात, आणि ते टायर स्वस्तही पडतात. दोन दारांची हॅचबॅक मात्र बघायलाच जाऊ नका. तिची दारं लांब आणि जड असतात, अरुंद जागेत अर्धीच उघडतात.

आईचं बघताना वॉकर घडी करून स्वतः डिकीत ठेवा आणि बाबांनाही ठेवायला सांगा. बहुतेक वॉकर घडी केल्यावर हॅचबॅकच्या डिकीत किंवा मागच्या सीटच्या पायाशी मावतात. भावाचा मुद्दा खोटा नाही, वॅगनची डिकी लांब असते आणि तिची कड खाली असते, सामान उचलावं लागत नाही. पण फक्त वॉकरसाठी वॅगन घ्यायची गरज आहे का, हे वॉकर नेल्यावर पाच मिनिटांत कळेल.

आता डिझेल. इथे मी भावाशी अजिबात सहमत नाही. अलीकडच्या बहुतेक डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरला की आतली काजळी जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी धुराची नळी चांगली तापायला हवी, म्हणजे गाडी मोकळ्या रस्त्यावर बराच वेळ एका वेगाने पळायला हवी. चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ते कधीच होत नाही. जळण्याचं काम अर्धवट सुटत राहतं, न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, आणि शेवटी फिल्टर तुंबून गाडी ओढत नाही. नवा फिल्टर टाकायचा म्हटलं तर जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यातच जातो. रोज लांबचा प्रवास करणाऱ्याला डिझेल द्या, तुमच्या बाबांना नको.

त्यांना हवं साधं पेट्रोल इंजिन, शक्यतो टर्बो नसलेलं. काही छोट्या टर्बो इंजिनांत टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप जुळवून ठेवणारा पट्टा, ऑइलमध्ये बुडून फिरतो. चुकीचं ऑइल टाकलं किंवा ऑइल वेळेवर बदललं नाही तर त्या बेल्टचे कण सुटतात आणि ऑइल खेचणारी जाळी तुंबते. असं इंजिन असेल तर बेल्ट कधी बदलला आणि ऑइल कोणतं टाकलं याची पावती असल्याशिवाय पुढे जाऊ नका. हायब्रिडलाही, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीलाही, मी नाही म्हणणार नाही, गावातल्या फिरण्याला ती गाडी फार चांगली. पण ज्या हायब्रिडची मोठी बॅटरी मागे असते, तिथे बॅटरीला हवा घेणारी जाळी बहुधा मागच्या सीटजवळ असते. ती धुळीने आणि केसांनी तुंबलेली दिसली तर तिची निगा राखली गेलेली नाही.

तुम्ही शोधलेल्या गाडीबद्दल सविस्तर बोलू, कारण "कमी चालली आहे" या तीन शब्दांवर लोक फार भाळतात. ११ वर्षांत २८ हजार म्हणजे वर्षाला साधारण अडीच हजार, आठवड्याला पन्नासच्या आत-बाहेर. मीटर खरा असेल तर ही गाडी बहुधा तुमच्या बाबांसारख्याच कुणीतरी, तशाच छोट्या फेऱ्यांसाठी वापरली आहे. अशा गाडीचं इंजिन झिजत नाही, पण उभ्या-उभ्या बाकीचं म्हातारं होतं. रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं.

टायरपासून सुरुवात करा. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत डीओटी असं लिहिलेलं असतं आणि त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. खाचा नव्यासारख्या खोल असतील पण टायर ११ वर्षांचाच असेल, तर चारही बदलायचे आणि तो खर्च किमतीतून वजा मागायचा. ब्रेकचं ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. कमी चालणाऱ्या गाडीत ते वर्षानुवर्षं तसंच राहून जातं. रबराचा टायमिंग बेल्ट असेल तर कंपनीने तो बदलायला किलोमीटरबरोबर वर्षंही सांगितलेली असतात, आणि त्यातलं जे आधी येईल ते धरायचं. लोक किलोमीटर बघतात आणि वर्षं विसरतात. बेल्ट चालू गाडीत तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावं लागतं. बेल्टऐवजी साखळी असेल तर ही काळजी बरीच कमी, तरी ऑइल वर्षाला एकदा बदललेलं हवं, गाडी हजार किलोमीटर चालली असली तरी. सायलेन्सरची नळी खालून बघायला सांगा. छोट्या फेऱ्यांत तिच्यातलं पाणी वाळत नाही आणि ती आतून गंजते.

मीटर खरा आहे का? ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरचं रबर बघा, स्टिअरिंगची वरची बाजू बघा, चालकाच्या सीटची दाराकडची कड बघा. पेडल गुळगुळीत आणि मीटर २८ हजार, असं जमत नाही. सर्व्हिसच्या पावत्या एकामागे एक लावून त्यांवरचं रीडिंग चढत जातं का ते तपासा.

गाडी बघायला जाताना विक्रेत्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर का, ते विचारा. थंड इंजिनच सुरुवातीचा धूर, खडखड, अडखळणं सगळं दाखवतं. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर ती चांगली खूण नव्हे, कुणीतरी तो बंद केलेला असू शकतो. ऑइलचं झाकण उघडल्यावर आत पांढरट साय दिसली तर लगेच घाबरू नका, छोट्या फेऱ्यांच्या गाडीत ती नुसत्या वाफेचीही असते. पण कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, तेही कमी असेल किंवा त्यात तेलकट थर असेल तर परत फिरा. चारही सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ असेल तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते, विक्रेत्याने आतून कितीही धुतली असली तरी ती जागा विसरलेली असते. बेल्टच्या चिठ्ठीवर बनल्याची तारीख असते. एकच बेल्ट बाकीच्यांपेक्षा नवा असेल तर का बदलला ते विचारा, अपघातात बेल्ट बदलावे लागतात.

हे सगळं तुम्ही बघितलंत तरी स्वतःच्या ओळखीच्या मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि त्याच्याकडे गाडीच्या संगणकाला जोडून बिघाड वाचणारा स्कॅनर असू दे. स्कॅनरवर "एकही बिघाड नाही" एवढंच पाहून चालत नाही. गाडीचा संगणक स्वतःच्या काही तपासण्या करत असतो. त्यातल्या बऱ्याच "पूर्ण झाल्या नाहीत" असं दिसलं तर कुणीतरी नुकतेच बिघाड पुसलेले असू शकतात किंवा बॅटरी काढलेली असू शकते. अशा वेळी आठवडाभर चालवून पुन्हा तपासू द्या म्हणावं, आणि विक्रेता नाही म्हणाला तर ती गाडी सोडा.

एक गोष्ट मात्र घरबसल्या करा. चॅसिस नंबर घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये त्या गाडीची काही परत-बोलावणी (रिकॉल, म्हणजे सदोष भाग बदलायला कंपनीने गाडी बोलावणं) बाकी आहे का ते तपासा. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधला स्फोटक अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाऊन बिघडतो आणि एअरबॅग फुगताना धातूचे तुकडे उडवतो. त्यापायी जगभर लोकांचे जीव गेले आहेत आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, त्यांत छोट्या हॅचबॅकही पुष्कळ. हा भाग कंपनी फुकट बदलून देते. तुमची गाडी त्याच वयाची आहे, म्हणून हे टाळू नका.

सुरक्षेचं आणखी थोडं. घसरताना गाडीला सावरणारी यंत्रणा, ज्याला ईएससी किंवा ईएसपी म्हणतात, ती असलेलीच गाडी घ्या. युरोपात नव्या गाड्यांना ती २०१४ पासून सक्तीची झाली, पण सगळीकडे तसं नव्हतं, म्हणून त्या विशिष्ट गाडीत आहे का ते बघा. क्रॅश चाचणीचे तारे बघताना चाचणीचं सालही बघा. नियम कडक होत गेले आहेत, २००९ चे पाच तारे आणि २०२० चे पाच तारे एक नव्हेत. बाबा बसल्यावर त्यांच्या छातीपासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत निदान २५ सेंटीमीटर अंतर राहिलं पाहिजे, आणि तेवढ्या अंतरावरून पेडल पूर्ण दाबता आलं पाहिजे.

मान वळत नाही म्हणून मागचा कॅमेरा हवाच. गाडीत नसेल तर नंतर बसवून मिळतो, त्यासाठी चांगली गाडी सोडू नका. मागची काच आणि बाजूचे खांब मात्र नंतर बदलत नाहीत. काही हॅचबॅकची मागची काच फटीएवढी असते, तशी नको. साठीनंतर डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने फार कमी उजेड पोहोचतो. मोतीबिंदू काढल्याने फरक पडतो, पण बाहुली तरुणपणीसारखी मोठी होत नाही. म्हणून हेडलाइटची पिवळी पडलेली काच घासून-पॉलिश करून घ्या, आणि शक्य झालं तर संध्याकाळीही एकदा बाबांना गाडी चालवून बघू द्या. एसी-पंख्याची बटणं हाताला लागतील अशी, फिरवायची असावीत. प्रत्येक गोष्टीसाठी पडद्यावर बोट टेकवावं लागणारी गाडी मी या वयात देणार नाही.

राहिलं ऑटोमॅटिक. डावा गुडघा दुखत असेल तर क्लच सुटणं ही फार मोठी सुटका आहे. पण पन्नास वर्षांची सवय पायात असते. गोंधळलेल्या क्षणी डावा पाय क्लच समजून ब्रेक दाबतो, किंवा उजवा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडतो. पेडलची अशी चूक वयस्कर चालकांकडून जास्त होते, आणि ती बहुधा पार्किंगमध्येच होते, जिथे माणसं पायी चालत असतात. म्हणून निर्णय बाबांचा. ते तयार असतील तर मोकळ्या मैदानात दहा-बारा वेळा सराव, डावा पाय सीटजवळ मागे ठेवून, आणि तोवर आईला गाडीत बसवायचं नाही. ते नको म्हणाले तर हलक्या क्लचची गिअरची गाडी घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

ऑटोमॅटिकमध्येही फरक आहे. जुनी, टॉर्क कन्व्हर्टरची पद्धत, ज्यात क्लचचं काम ऑइलमधून होतं, ती मला बाबांसाठी सगळ्यांत बरी वाटते. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक, चालेल, पण तिचं ऑइल बदलल्याची पावती हवी, "आयुष्यभर बदलावं लागत नाही" यावर विश्वास ठेवू नका. एएमटी म्हणजे गिअरच्याच गाडीला क्लच दाबणारं यंत्र. ती स्वस्त असते, पण हळू मागे-पुढे करताना झटके देते, आणि बाबांचं निम्मं चालवणं तसंच असणार आहे. ड्युअल क्लच म्हणजे दोन क्लच आळीपाळीने वापरणारी; त्यातली कोरड्या क्लचची जुनी असेल तर टाळा, दुरुस्ती परवडत नाही. चाचणीत ब्रेक दाबून डी (पुढे) आणि आर (मागे) मध्ये टाका. गिअर बसायला दीड-दोन सेकंद लागले किंवा धक्का बसला तर नको.

कोणती गाडी, असं नाव विचाराल तर होंडा जॅझ मी आधी बघेन. काही देशांत तिलाच फिट म्हणतात. तिची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असते, त्यामुळे मागे जमीन सपाट आणि खाली राहते, मागच्या सीटची बैठक उभी दुमडता येते आणि वॉकर तिथेच उभा राहतो. टोयोटा यारिस, सुझुकी स्विफ्ट, माझ्दा २ याही बघा, टेप घेऊनच. पण चांगली निगा राखलेली दुय्यम नावाची गाडी ही दुर्लक्षित नामांकित गाडीपेक्षा चांगली. सगळे पैसे गाडीतच घालू नका. पाचवा हिस्सा बाजूला ठेवा; टायर, बॅटरी, ऑइलं, बेल्ट यात तो पहिल्याच वर्षी लागेल.

तुमची २८ हजारवाली वरच्या तपासणीत उतरली आणि खुर्चीचा आकडा जुळला, तर घ्या. भावालाही बघायला न्या, मेकॅनिकशी त्याचं बोलणं होऊ द्या.

आणि डिकीचं दार बाबांना उघडायला आणि बंद करायला लावाच. वर नेल्यावर ते आपोआप खाली येत असेल तर गॅसचे दांडे गेलेत, ते बदलून घ्या, तो लहान खर्च आहे. हात पोहोचत नसेल तर दाराला आतून एक पट्टा शिवून घ्या, बाबांच्या हातात येईल इतका लांब आणि कुलपात अडकणार नाही इतका आखूड. आईच्या गाडीला मी तो नवव्या महिन्यात लावला.